थोडक्यात वाचलो, म्हणून कुणी लिहूनच घेत नाही

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आईला डोळे तपासायला कराडला नेलं होतं. येताना साडेसहा झाले, ऊन गेलेलं पण अंधार अजून पुरता पडलेला नाही अशी वेळ, आणि हायवेवर आमच्या फाट्याच्या अलीकडे एक पिकअप समोरून आली. समोरून म्हणजे आमच्याच लेनमधून, राँग साइडनं, हेडलाइट बंद, दुभाजकाच्या कटाकडे तिरकी. ड्रायव्हरचं तोंड मला स्वच्छ दिसलं कारण हातातल्या मोबाइलचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. मी स्कूटर डावीकडे कशी घातली ते आजही नीट आठवत नाही, त्याच्या आरशानं माझा उजवा आरसा उडवला, आम्ही कडेच्या खडीत घसरत जाऊन कसेबसे थांबलो, आईच्या हातातल्या पिशवीतली मेथीची जुडी रस्त्यावर पडली आणि मागून आलेल्या ट्रकच्या चाकाखाली गेली. ती मेथी मी बघितली आणि माझे पाय लटलट कापायला लागले. पिकअपवाला थांबला नाही. त्याला काही झालंय हे कळलं तरी होतं की नाही कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवसापासून घरी माणसं भेटायला यायला लागली आणि वाद सुरू झाला, जो आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकलाय. निम्मे म्हणाले आपल्या लोकांना शिस्तच नाही, परदेशात बघा कसे चालवतात, एकेकाला धरून फोडला पाहिजे. निम्मे म्हणाले शिस्तीचं काय घेऊन बसलाय, रस्तेच असले करून ठेवलेत, टोल घेतात आणि साधा भुयारी मार्ग देत नाहीत. आणि दोन्हीकडचे शेवटी एकाच वाक्यावर यायचे, देवाची कृपा, वाचलात. मला या वादाचाच कंटाळा आलाय, खरं सांगायचं तर रागच आलाय, कारण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते की कुणी मेलं तरच त्या जागेबद्दल बोलायचं. माझं म्हणणं एवढंच आहे की थोडक्यात टळलेला अपघात हा सुद्धा अपघातच धरला पाहिजे, त्याची कुठेतरी नोंद झाली पाहिजे आणि त्या नोंदीवर रस्ता बदलला पाहिजे. ती नोंद नसेल तर शिस्त की रस्ता या भांडणाचा निकाल लागूच शकत नाही, कारण दोघांकडेही सांगायला आपापल्या अनुभवापलीकडे काही नसतं.

त्या फाट्यावर एक पंक्चरवाला आहे. त्यानंच आईला बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं, "आज्जी, घाबरू नका, झालं ते झालं" म्हणाला. मग मला म्हणाला, दादा, इथं रोजचंच आहे हे, परवा शाळेची पोरं सायकलवर होती, एक वीतभर राहिलं. मी म्हटलं रोजचं म्हणजे किती? त्यानं टपरीखालून एक तेलाचा पत्र्याचा डबा ओढून काढला. त्यात इंडिकेटरच्या पिवळ्या काचा, टेललाइटचे लाल तुकडे, आरशांचे तुकडे, नंबरप्लेटचे अर्धे तुकडे, अर्ध्यापर्यंत भरलेला डबा. तो रोज सकाळी रस्ता झाडतो कारण ते तुकडे टायरमध्ये घुसतात, गिऱ्हाइकाला वाटतं यानंच खिळे टाकलेत. माझ्या आरशाचा तुकडाही त्यानं माझ्यासमोर त्यात टाकला. मी त्या डब्याकडे बघत उभा राहिलो. या जागेबद्दल जगात जेवढी म्हणून माहिती आहे ती सगळी त्या डब्यात होती, आणि सरकारी कागदावर यातलं एक अक्षर नाही.

कागदावर नाही हे मी खात्रीनं सांगतो कारण मी दुसऱ्या दिवशी तक्रार द्यायला गेलो होतो. समोरच्या माणसानं चहा सांगितला, नीट ऐकून घेतलं, वागण्यात काही वाईट नव्हतं, पण पहिला प्रश्न होता कुणाला लागलंय का? नाही. गाडीचं नुकसान? आरसा. नंबर? अर्धाच दिसला. मग काय लिहून घेऊ सांगा? मी परत आलो. आता यातली खरी गोम अशी आहे की कायदा असं म्हणतच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक ड्रायव्हिंगचं आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात वाहतुकीच्या उलट दिशेनं चालवणं आणि हातात मोबाइल धरून चालवणं ही दोन्ही नावानिशी घातलेली आहेत, पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाचं २७९, तेही हेच सांगतं की रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं गाडी चालवणं हाच गुन्हा. कुणाला लागलं पाहिजे अशी अट कुठेच नाही. कायद्यानं धोका हाच गुन्हा मानलाय आणि आपण सगळ्यांनी, पोलिसांनी, लोकांनी, मी सुद्धा त्या दिवसापर्यंत, जखम झाली तरच गुन्हा असं मनात धरून चाललोय. कायदा करणारे आपल्यापेक्षा पुढे होते म्हणायचं.

आणि हे फक्त पोलिसांचं नाही. राष्ट्रीय महामार्गावर एखाद्या जागेला ब्लॅकस्पॉट, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, कधी म्हणायचं याची व्याख्या आहे. साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू. या व्याख्येत चूक काहीच नाही, पैसा मर्यादित आहे, आधी कुठे घालायचा ते ठरवायला काहीतरी माप लागतंच. पण हेच एकमेव माप असेल तर त्याचा अर्थ काय होतो ते एकदा शांतपणे बघा. आमच्या फाट्याला भुयारी मार्ग हवा असेल तर आधी तिथे पाच मोठे अपघात व्हावे लागतील, नाहीतर दहा घरांत सुतक पडावं लागेल. ती घरं कुठली? शाळेची पोरं त्याच कटातून सायकली ढकलत जातात.

माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं प्लेगचं सांगायची. घरात आढ्यावरून उंदीर खाली पडायला लागले, दिवसाढवळ्या गोल फिरून मरायला लागले की जुनी माणसं म्हणायची, उंदीर पडला, निघा. आणि अख्खं गाव भांडीकुंडी, गुरंढोरं घेऊन माळावर झोपड्या घालून राहायला जायचं. घरातलं माणूस मरायची वाट बघायची नाही. आता त्याच वेळी सरकार काय करत होतं? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये पुण्यात घराघरात शिरून झडत्या झाल्या, सामान जाळलं, माणसं उचलून कॅम्पात नेली, आणि सगळं खापर लोकांच्या घाणेरड्या सवयींवर. १८९८ मध्ये पॉल लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत प्रयोग करून दाखवलं की रोग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो, तरी पुढची काही वर्षं त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. अस्वच्छता नव्हती असं मी म्हणत नाही, होतीच. पण नुसतं "लोक घाणेरडे" म्हणून रोग हटला नाही, आणि ज्यांना शास्त्र माहीत नव्हतं त्या खेडुतांनी खूण बरोबर ओळखली होती. पंक्चरवाल्याच्या डब्यात जे आहे ते पडलेले उंदीर आहेत. "आपल्या लोकांना शिस्त नाही" हे वाक्य ऐकलं की मला "घाणेरड्या सवयी" आठवतं, तोच सूर, तोच शेवट, आणि तेवढंच निरुपयोगी.

दुसरं उदाहरण विमानाचं. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए या कंपनीचं ५१४ नंबरचं विमान उतरायला खाली येत असताना डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. नंतर कळलं की सहाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचलं होतं, त्याच पद्धतीच्या गैरसमजातून. त्या कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावध केलं होतं, पण ते तिथल्या तिथे राहिलं, बाकीच्यांना कळायची सोयच नव्हती. म्हणजे ९२ माणसांना वाचवू शकणारी माहिती अस्तित्वात होती, फक्त ती एका घरची गोष्ट होती. त्यानंतर १९७६ पासून तिथे वैमानिकांनी असे प्रसंग नाव गुप्त ठेवून कळवायची पद्धत सुरू झाली, आणि ती मुद्दाम नासाकडे दिली, विमान खात्याकडे नाही, कारण खातं शिक्षा करू शकतं आणि शिक्षेच्या भीतीनं कुणी तोंड उघडत नाही. आज आपण विमानात निर्धास्त बसतो त्याच्यामागे अशा हजारो "वाचलो" च्या नोंदी आहेत. वैमानिक काय जन्मतः शिस्तीचे असतात? तोच वैमानिक सुट्टीवर गावी येऊन स्कूटरवर बसला की त्याच कटातून गाडी घालेल, कारण पुढचा यू-टर्न अडीच किलोमीटरवर आहे.

इथे माझ्या मेहुण्यानं घेतलेला आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि तो मी टाळणार नाही. तो म्हणाला तू रस्त्याला दोष देऊन त्या ड्रायव्हरला सोडतोयस, तुझ्या आईचा जीव त्यानं धोक्यात घातला, दुभाजकानं नाही, मोबाइल दुभाजकाच्या हातात नव्हता. खरं आहे. मला तो माणूस सापडला असता तर त्या संध्याकाळी मी काय केलं असतं सांगता येत नाही. त्याला शिक्षा झाली पाहिजे, लायसन्स गेलं पाहिजे, यात मला शंका नाही. पण त्याला उद्या आत टाकला तर परवा त्या कटातून कोण येणार? पंपावरून डिझेल भरून निघालेली प्रत्येक गाडी, जिला पलीकडच्या गावात जायचंय, तिच्यापुढे रोज तोच हिशोब असतो की पाच किलोमीटरचा फेरा मारायचा की शंभर मीटर उलटं जायचं. मोबाइल ही त्या ड्रायव्हरची चूक, उलट येणं ही त्याची आणि रस्त्याची दोघांची, आणि या दोन चुका एकाच क्षणी एकत्र आल्या तेव्हा आम्ही तिथे होतो. दोषी शोधणं हे कोर्टाचं काम आहे, ते कोर्टानं करावंच. पुढचा माणूस वाचवणं हे वेगळं काम आहे आणि ते दोषी सापडल्यावर आपोआप होत नाही. ही दोन कामं आपण एकात एक कालवून टाकलीत, म्हणून एक माणूस तुरुंगात गेला की सगळ्यांना वाटतं प्रश्न सुटला. पुण्यात मे २०२४ मध्ये पोर्शच्या प्रकरणात सगळा महाराष्ट्र जामिनाच्या अटीतल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर भडकला, भडकायलाच पाहिजे होतं, पण त्या भडक्यातून किती गावांत रात्रीच्या वेगाची तपासणी सुरू झाली?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. झालेल्या अपघातांचीच कामं पोलिसांना उरकत नाहीत, २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, म्हणजे रोजची साडेचारशेच्या वर, त्यात महाराष्ट्रातली पंधरा हजारांच्या आसपास, आणि तुम्ही आता न झालेल्या अपघातांचे कागद वाढवणार? शिवाय भाऊबंदकीत कोण कुणाच्या नावानं काय खोटं देईल याचा नेम नाही. दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. म्हणूनच मी एफआयआर म्हणत नाहीये, माणसाचं नाव नको, गाडीचा नंबर सुद्धा नको. जागा, वेळ, काय झालं, एवढ्या तीन गोष्टी. ज्या तक्रारीत कुणाचं नावच नाही ती खोटी देऊन कुणाचं काय साधणार? आणि ती घ्यायला पोलीस कशाला पाहिजेत, ग्रामपंचायत घेऊ शकते, शाळा घेऊ शकते, एसटीच्या आगारात ड्रायव्हर रोज गाडी लावतात त्यांच्यासाठी एक वही ठेवता येईल. एसटीच्या ड्रायव्हरइतका रस्ता कुणाला माहीत असतो? वीस-वीस वर्षं एकाच मार्गावर काढलेली माणसं आहेत, कुठल्या वळणावर कुठल्या वेळी ब्रेकवर पाय ठेवायचा हे त्यांना झोपेतही सांगता येईल, आणि आजवर त्यांना कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तिसरा आक्षेप जरा अभ्यासू आहे, आमच्या ऑफिसातल्या एका इंजिनिअर मित्राचा. तो म्हणतो टळलेले अपघात मोजून मेलेल्यांचा अंदाज येत नाही. पुण्यातल्या टिळक रोडला दर मिनिटाला कुणीतरी कुणालातरी घासून जातो, तिथे मरतात किती? आणि हायवेवर टळलेले कमी असतील पण जो टळला नाही तो गेलाच. १९३१ मध्ये हाइनरिश नावाच्या विमा कंपनीतल्या माणसानं एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ आणि ३०० बिनजखमेचे असं प्रमाण मांडलं होतं, ते प्रमाण सगळीकडे लागू पडत नाही हे आता बरेच जण मानतात. मी हा मुद्दा मान्य करतो, पण त्यातून "मोजू नका" असं निघत नाही, "नीट मोजा" असं निघतं. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी चौकात माणूस उभा करून अचानक लागलेले ब्रेक आणि चुकवाचुकवी मोजायची पद्धत बसवली, आणि पुढे स्वीडनच्या लुंड विद्यापीठात ती सुधारली, ज्यात धडक बसायला किती वेळ उरला होता आणि त्या क्षणी वेग किती होता हे दोन्ही बघतात. म्हणजे टिळक रोडचा पंधराच्या स्पीडचा घासाघाशीचा प्रसंग आणि हायवेवरचा सत्तरचा, हे एका मापात बसत नाहीत, आणि बसवूही नयेत. दोन शिकवलेली पोरं चार दिवस एका कटावर वही घेऊन बसली तर तीन वर्षांच्या मृत्यूंची वाट न बघता अंदाज येतो. अवघड काय आहे त्यात? आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजं तालुक्यागणिक आहेत आणि सिव्हिलच्या पोरांना प्रोजेक्टला विषय मिळत नाहीत.

दंडाबद्दल थोडंच बोलतो. २०१९ मध्ये दंड वाढले, आपल्या राज्यात ते लागू व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडला, आणि वाढले तरी संध्याकाळी साडेसहाला आमच्या फाट्यावर ते बघायला कोण आहे? याउलट मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे बघा. २०१६ मध्ये तिथे १५१ माणसं गेली होती. त्याच साली सेव्हलाइफ फाउंडेशन ही रस्ता सुरक्षेवर काम करणारी संस्था, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून काम सुरू केलं, रस्त्याकडेचे उघडे खांब-कठडे झाकले, उभ्या गाड्यांकडे लक्ष दिलं, जखमींना लवकर हलवायची सोय केली. २०२० लॉकडाऊनचं साल म्हणून सोडून देऊ, २०१९ मध्येच आकडा ९२ वर आला होता. ड्रायव्हर तेच होते ना? त्यांच्या रक्तात तीन वर्षांत शिस्त कुठून आली? ९२ हाही भयंकरच आकडा आहे, पण एकोणसाठ घरं वाचली आणि ती कुणाला उपदेश करून वाचली नाहीत.

मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड (आताच्या प्रभादेवी) स्टेशनचा पादचारी पूल आठवतो का? २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्याच्या आधी कितीतरी दिवस प्रवासी ओरडत होते की हा पूल पुरत नाही, इथे रोज जीव मुठीत धरून उतरतो, कधीतरी मोठं काहीतरी होणार. रोज हजारो माणसं तिथे थोडक्यात वाचत होती आणि घरी जाऊन जेवत होती, म्हणून सगळं ठीक चाललंय असं कागदावर दिसत होतं. माणसं मेल्यावर लष्कर बोलावलं आणि पाच महिन्यांत, २७ फेब्रुवारी २०१८ ला, नवीन पूल खुला झाला. पाच महिने! म्हणजे पैसा होता, माणसं होती, लोखंड होतं, जागा होती, फक्त २३ जण कमी पडत होते. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण यापेक्षा वेगळ्या शब्दांत ते सांगता येत नाही.

आता आमच्या फाट्याबद्दल. कट बंद करा म्हणणं सोपं आहे पण पलीकडे निम्मं गाव आहे, रानं आहेत, दवाखाना आहे, नुसता बंद केला तर लोक आठ दिवसांत परत दगड काढतील आणि त्यांचंही चुकणार नाही. पायी आणि सायकलवर जाता येईल असा भुयारी मार्ग, तोवर कटाच्या दोन्ही बाजूला वेग कमी करायला पट्ट्या, दिवा, आणि पंपाच्या तोंडाशी उलट वळताच येणार नाही असा कठडा. मागणी एवढीच आहे. ग्रामसेवकांनी अर्जाचा नमुना काढून दिला, त्यात एक रकाना आहे, मयत व जखमींची संख्या. तो रिकामा ठेवून त्याच्याखाली आम्ही स्वतःचा एक रकाना आखलाय.

तो भरायचं काम पंक्चरवाला करतो. मी त्याला दिनदर्शिका नेऊन दिली, टपरीच्या दाराला खिळ्यावर टांगलीय, सोबत दोऱ्यानं बांधलेलं पेन. त्याच्या डोळ्यादेखत कुणी वाचलं की तारखेच्या चौकोनात एक रेघ आणि वेळ. माणूस पडला पण लागलं नाही तर रेघेवर आडवी रेघ. शाळेची पोरं असतील तर गोल. परवा त्या वाटेनं गेलो तेव्हा आईला घेऊन थांबलो, आता ती स्कूटरवर एका बाजूला पाय टाकून बसत नाही, दोन्हीकडे टाकून बसते. उतरून दिनदर्शिकेपाशी गेली, नवीन चष्मा लावून एकेक चौकोन बघत होती. मग पंक्चरवाल्याला म्हणाली, "बाळा, माझी केलीस का रे खूण?" तो म्हणाला, "केली की आज्जी, मागचं पान उलटा, पहिली तुमचीच आहे."